साडेतेवीस इंच

हॉस्पिटलातल्या ओटी मॅडमनी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टनी, धाकट्याला घरची मापं घेऊन यायला सांगितलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, टेप त्याच्या हातात देऊ नका. 22 वर्षं मी लोकांची मापं घेतेय. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, शाळेचे युनिफॉर्म. माप घेणं म्हणजे नुसता टेप लावणं नाही. तो कुठून कुठपर्यंत लावायचा ते कळावं लागतं. पण तेव्हा मी पलंगावर होते आणि पाण्याचा पेलासुद्धा मला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला आणि भूमितीत पैकीच्या पैकी पडणार म्हणून सांगत फिरणारा माझा मुलगा घरी गेला आणि सुबक अक्षरात कागद लिहून घेऊन आला. मुख्य दार 36, बेडरूम 33, बाथरूम 28. व्हीलचेअरची रुंदी 25. मॅडम म्हणाल्या, छान, तीन इंच सुटतात.

ते तीन इंच कुठे गेले, ते पाडव्याच्या दिवशी दुपारी दीड वाजता कळलं. पण आधी थोडं मागचं सांगते.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी आणि आमच्या धायरीत, जीबीएसचे, म्हणजे नसांच्या एका आजाराचे, रुग्ण निघायला लागले होते, आठवत असेल. पेपरात त्याचं नाव कधी गुलेन बॅरी, कधी गियान बारे असं छापून यायचं. 1916 साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी मिळून हा आजार लिहून ठेवला. त्यातल्या दोघांची नावं आजाराला राहिली, तिसरे स्ट्रोल, ते गळाले. हे मला आयसीयूतल्या एका शिकाऊ डॉक्टरने सांगितलं. मला बोलता येत नव्हतं म्हणून तो पोरगा रोज काहीतरी सांगत बसायचा.

संक्रांतीच्या आधी मला चार दिवस जुलाब झाले. बरं वाटलं, तिळगूळ खाल्ला, विसरून गेले. आठवड्याभराने भाजी घेऊन येताना मागून एक बाई ओरडली, "काकू, चप्पल!" एक चप्पल पायातून निसटून मागे रस्त्यावर पडली होती आणि मी अनवाणी पायाने वीस-पंचवीस पावलं पुढे आले होते. मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून उठता येईना. तिसऱ्या दिवशी कात्री चालेना. चौथ्या दिवशी गिळता येईना आणि श्वास तोकडा पडायला लागला. पुढे 17 दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला भोक, आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या रोज पाच बाटल्या, असे पाच दिवस. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून ते औषध बनतं म्हणे. कोण कुठल्या हजारो लोकांचं माझ्या अंगात गेलं, माहीत नाही. त्यातल्या एखाद्याचं ब्लाउजही मी शिवलं असेल.

मोठ्या डॉक्टरांनी आजार सोप्यात सांगितला. पोटातल्या जंतूशी लढायला शरीर जे सैन्य तयार करतं ते चुकून आपल्याच नसांवर तुटून पडतं. नस म्हणजे वायर. वरचं प्लॅस्टिकच गेलं असेल तर ते काही आठवड्या-महिन्यांत भरून येतं. आतली तार दुखावली असेल तर ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. एक मिलिमीटर म्हणजे माझ्या टेपवरची सगळ्यात बारीक रेघ. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत किती रेघा, हे मी त्या रात्री मनात मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

मार्चच्या सुरुवातीला मला पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात हलवलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाणेरकडे. तिथे फिजिओ मॅडम मला उभं करतात आणि ओटी मॅडम बटण लावायला, वेणी घालायला, चमचा धरायला शिकवतात. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पहिल्या दिवशी मी घाबरले होते. पाडव्यापर्यंत माझी मजल एवढी: खुर्चीतून पलंगावर फळीवरून सरकत एकटीने जाणं, दोघांच्या आधाराने वॉकर धरून उभं राहणं, आणि पॅरलल बारमध्ये, दोन्ही बाजूंचे दांडे धरून, पाच पावलं. पावलं लोंबतात म्हणून दोन्ही पायांना गुडघ्याखालून प्लॅस्टिकचे स्प्लिंट. हाताची बोटं आली आहेत, पण अंगठा आणि तर्जनीची चिमट अजून येत नाही. शिंपिणीला चिमट येत नाही म्हणजे काय, ते शिंपिणीलाच विचारा.

घरी पाठवायच्या आधी एक दिवस घरी नेऊन बघायचं, अशी तिथली पद्धत. सकाळी 9 ते संध्याकाळी 6 पास. नातेवाइकांच्या जबाबदारीवर रुग्ण बाहेर जात आहे, अशा कागदावर यांनी सही केली. मीही केली, माझी सही आता दुसरीच कोणाची वाटते. दुपारच्या गोळ्या पुडीत. दर अर्ध्या तासाने पुढे वाकून बुडावरचा भार काढायचा. चक्कर आली तर खुर्ची मागे कलती करून पाय वर. आणि मॅडमनी लाल पेनाने खाली लिहिलं होतं: दमायच्या आधी थांबा. या आजारात दमल्यावर थांबून उपयोग नसतो, दुसरा दिवस वाया जातो.

गाडीत बसायची तालीम शुक्रवारीच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये झाली होती. दिरांची गाडी, पुढची सीट पूर्ण मागे. सीटवर एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, साड्यांच्या दुकानात देतात तशी. फळीवरून सरकत आधी बूड सीटवर, डोकं वाकवून आत, मग पिशवीवर गिरकी, आणि शेवटी कोणीतरी एकेक पाय उचलून आत ठेवायचा. पिशवीमुळे अंग अडकत नाही. एवढी साधी युक्ती, आणि तिच्यावाचून माझी साडेतीन महिन्यांची भाची जशी गाडीत ठेवतात तसं मला ठेवावं लागलं असतं.

चांदणी चौक, वारजे, मग वडगावच्या पुलाशी खाली. हायवेच्या कडेच्या टॉवरांवर बारा-पंधरा मजल्यांपर्यंत गुढ्या. मला बघायचं होतं, पण खड्डा आला की दोन्ही तळपायांत मुंग्या नाहीत, सुया टोचायच्या. दीर बिचारे इतके हळू चालवत होते की मागचे हॉर्न मारून मारून थकले. मी डोळे मिटून घेतले आणि धायरी फाट्याला उघडले.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. लिफ्टपर्यंत जायला पार्किंगमधून तीन पायऱ्या आहेत. 14 वर्षं त्या चढतेय आणि कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पायऱ्या? नाहीत. व्हीलचेअर वर चढवायची तर पाठीमागून, मोठी चाकं आधी पायरीला लावून ओढायची; पुढून एकाने खालची फ्रेम धरायची. हे यांना आणि धाकट्याला मॅडमनी शिकवलेलं. पण सोसायटीत शिकवलेल्या दोघांपेक्षा न शिकवलेले सहा जण मदतीला धावले. "अहो असं नाही, उचलूनच घेऊ!" म्हणत शेजारच्या भाऊंनी खुर्चीचा हात धरून वर उपसला. खुर्चीचा हात निघतो. तो निघण्यासाठीच केलेला असतो, फळीवरून सरकता यावं म्हणून. भाऊ हातात तो हात घेऊन एक पायरी वर, आणि मी खाली, एका बाजूला कललेली. वॉचमन मामांनी माझा खांदा धरला म्हणून निभावलं. भाऊंचा चेहरा असा झाला, जसा काही माझाच हात उपटून आलाय. मला हसू आलं आणि हसल्याने सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दारात सासूबाई भाकर-तुकडा घेऊन उभ्या. ओवाळून झालं, डोळ्याला पाणी लागलं, आणि खुर्ची उंबऱ्याशी अडली. उंबरा पावणेदोन इंच. पुढची लहान चाकं त्याला धडकून उभी. मागे कलवून पुढची चाकं उचलली आणि मागची ढकलली. पण उंबऱ्यात थोरलीने पहाटे उठून रांगोळी काढली होती. ती चाकांना लागली आणि हॉलभर दोन पांढऱ्या रेघा उमटत गेल्या. थोरली फडकं आणायला धावली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. दरवर्षी पावलं काढतो, यंदा चाकं."

गुढी माझ्यासाठी थांबवली होती. काठी धुऊन पुसून, तांब्या घासून, कडुनिंबाचे डहाळे, गाठी, झेंडूचा हार, सगळं ताटात. आणि काठीला बांधायची जरीची साडी ह्यांनी टॉवेलासारखी चार घड्या घालून ठेवलेली. म्हटलं, "अहो, हे असं बांधणार होतात?" म्हणाले, "वाऱ्याने उलगडेल की."

साडी मांडीवर घेतली. निऱ्या म्हणजे माझा हात न बघता चालतो. अंगठा आणि पहिलं बोट, पकड, सोड, पकड. अंगठ्याने दाबलं तर तो काचेवर घसरावा तसा जरीवरून घसरला. पुन्हा. पुन्हा. सगळे बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. मग ओटी मॅडमनी पत्ते वाटायला शिकवलं होतं ते आठवलं: चिमट येत नाही तर दोन बोटांच्या फटीत धर. पहिल्या आणि मधल्या बोटात काठ अडकवला, दुसऱ्या हाताच्या पालथ्या मुठीने कापड त्याच्यावर आणलं, दाबलं. एक निरी. दर निरीला मुठीच्या हाडाने इस्त्री. माझ्या नेहमीच्या निऱ्या चार बोटांच्या असतात, ह्या कुठे चार कुठे पाच. सात झाल्या. आठवीला हात थरथरायला लागला तेव्हा लाल पेन आठवलं आणि थोरलीला म्हटलं, पिन लाव. घड्याळात बघितलं, 18 मिनिटं. सीझनमध्ये 18 मिनिटांत मी अस्तराचं ब्लाउज कापून ठेवते.

गुढी बाल्कनीत उभी राहिली, आणि मी हॉलमध्ये. बाल्कनीच्या सरकत्या दाराला खाली अॅल्युमिनियमची पट्टी आहे, दोन इंच उंच, आणि पलीकडे उतार. तिथून परत वर घेताना काय होईल, याचा अंदाज नव्हता; भाऊंचा चेहरा आठवला आणि मीच नको म्हटलं. आतून मला गुढीच्या काठीचा खालचा भाग आणि साडीची पाठ दिसत होती. निऱ्या रस्त्याच्या बाजूला. धाकट्याने खाली जाऊन फोटो काढून आणला. निऱ्या रस्त्यावरून बऱ्या दिसत होत्या. रस्त्यावरून सगळंच बरं दिसतं.

कडुनिंबाची चटणी मात्र मी मागून दोनदा खाल्ली. गूळ, ओवा, हिंग, चिमूटभर मीठ. दोन महिने नळीतून पांढरं पाणी आणि मग मऊ भात यांच्यावर काढल्यावर त्या कडूने जीभ जागी झाली.

मग माणसं यायला लागली. मी व्हीलचेअरमध्ये बसले की माझे डोळे उभ्या माणसाच्या पोटाशी येतात. त्यामुळे मला त्या दिवशी कोण आलं ते चेहऱ्याने कमी आणि कमरेने जास्त आठवतं. कोणाच्या कुर्तीची बाजूची शिवण उसवलेली, कोणाच्या साडीचा फॉल निघालेला. समोरच्या विंगमधल्या वहिनींनी मी दिवाळीत शिवलेला ड्रेस घातला होता, आणि कमरेला दुसऱ्याच कोणीतरी टक्स घालून त्याचा सत्यानाश केला होता. दोन महिने मी हॉस्पिटलात, त्यांनी तरी काय करावं. पण टक्स असे नसतात घालायचे.

सगळे प्रेमाने आले, ते खरंच. पण प्रश्न ह्यांना विचारायचे. "रात्री झोप लागते का त्यांना?" "ओळखतात ना सगळ्यांना?" ओळखते, आणि ऐकूही येतं. पहिल्या दोघा-तिघांना मी उत्तर दिलं, नंतर घसा बसला. गळ्याचं भोक बुजलंय, पण आवाज दुपारपर्यंतच पुरतो. मग ठरलेले प्रश्न: पाण्याने झालं का? तुमच्याकडे आरओ होता ना? आमच्या भागातले पाणी विकणारे आरओ प्लांटच महापालिकेने बंद केले, हे त्यांनाच माहीत, मी तेव्हा छताकडे बघत होते. कोंबडी खाल्ली होती का? आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. एक मामंजी माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "आता चालून दाखव बरं." सासूबाईंनी त्यांना श्रीखंडाची वाटी देऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. सासूबाईंचा माणूस हलवायचा हातखंडा आहे.

स्वयंपाकघरात मी जाऊन आले. ओट्यावर कढई होती, तिची मला फक्त बाहेरची बाजू दिसत होती. पुऱ्या तळल्याचा वास, आवाज, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं दारात थांबायचं. फार वेळ थांबले नाही.

आणि मग दीड वाजला.

सकाळपासून पाणी मोजून प्यायले होते, ही माझी अक्कल. मॅडमनी उलट सांगितलं होतं. तरी वेळ आली. थोरलीने खुर्ची बाथरूमच्या दारात नेली. पुढची चाकं गेली, माझे गुडघे गेले, आणि मग दोन्ही बाजूंनी खाडकन आवाज. मोठ्या चाकांच्या बाहेरच्या कड्या चौकटीला. माझ्या उजव्या हाताची बोटं कडीवरच होती, तिन्ही पेरांवरचं साल निघालं. चांगली गोष्ट एवढीच की झोंबलं. महिन्यापूर्वी झोंबलं नसतं.

"28 आहे!" धाकटा बाहेरून ओरडत होता. "मी स्वतः मोजलंय!"

खुर्ची मागे घेतली. दुसरा उपाय एकच. वॉकर, कंबरेला पट्टा, पट्टा धरायला हे मागे, थोरली पुढे. आत कमोडवर भाड्याने आणलेली उंच खुर्ची ठेवली होती, कारण 15 इंचांवरून मला उठता येत नाही, 18 वरून येतं. म्हणजे बाकी सगळी तयारी चोख होती. फरशी सकाळच्या आंघोळींनी ओली. थोरलीने वायपर मारला, दोन चादरी टाकल्या, मग मी म्हटलं चादरीत पाय अडकेल, त्या काढल्या, जुन्या टॉवेलाने पुसली. हे होईपर्यंत मी दारात. हॉलमध्ये अकरा माणसं आणि चमच्याचाही आवाज नाही. आमचं बाथरूम हॉलला लागूनच आहे. सगळ्या इमारतीला कळलं असेल.

उभी राहिले. एक, दोन, तीन म्हणून नाही; मॅडम म्हणतात, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा, मग बूड आपोआप उचलतं. नाक पुढे. मांड्या मशीनच्या सुईसारख्या थडथडायला लागल्या. वॉकर आत, उजवा पाय. बाथरूमचं दगडी उंबरठं दीड इंच. स्प्लिंटमधल्या पावलाला दीड इंच म्हणजे पर्वती. पाय कंबरेतून उचलावा लागतो, बाहेरून अर्धा गोल फिरवून. हे मागून म्हणत होते, "आहे मी, आहे मी," आणि त्यांचाच हात पट्ट्यावर माझ्यापेक्षा जास्त कापत होता. डावा. वॉकर. उजवा. कोणी सांगितलं नाही, पण मी मोजत होते. सहा पावलं झाली. हॉस्पिटलात पाचच्या पुढे गेले नव्हते.

येताना पुन्हा सहा. जाऊन येऊन 40 मिनिटं.

खुर्चीत बसल्यावर डोळ्यापुढे काजवे. खुर्ची कलती, पाय वर, लिंबूपाणी. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. माणसं शहाणी असतात, फक्त उशिरा.

थोडं बरं वाटल्यावर खुर्ची कोपऱ्यातल्या मशीनकडे घ्यायला लावली. मशीनवर सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं होतं. दोरा जानेवारीतलाच, गर्द जांभळा. कोणाचं ब्लाउज होतं ते आठवलं, ते त्यांनी नेलं का ते विचारायचं राहिलंच. पायडलपाशी पाय नेला नाही. त्याला अजून वेळ आहे हे मला माहीत आहे, उगीच कशाला तोंडावर आपटायचं. सुईत दोरा ओवून बघितला. नाही आला. चष्मा लावून नाही, उजेडात नाही, थुंकी लावून नाही. ड्रॉवर उघडला, टेप घेतला, आणि धाकट्याला हाक मारली.

"चल, दाखव कुठून मोजलंस."

त्याने टेप चौकटीच्या बाहेरच्या कडेला लावला आणि पलीकडच्या बाहेरच्या कडेपर्यंत नेला. 28. बरोबर. म्हटलं, "अंगाचं माप असं घेशील तर ब्लाउज कोटावरून घालायला लागेल." चौकटीचं लाकूड दीड इंच इकडे, दीड इंच तिकडे. राहिले 25. आणि दार उघडल्यावर दाराची फळी आतल्या बाजूला उभी राहते, ती दीड इंच. टेपचं एक टोक मी मुठीत धरलं, दुसरं त्याने. साडेतेवीस. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, पुढचं सांग." मग आम्ही सगळं घर मोजलं. मी खुर्चीत, तो टेपच्या दुसऱ्या टोकाला, थोरली लिहायला. मुख्य उंबरा पावणेदोन. बाल्कनीची पट्टी दोन. ओटा 33. माझ्या पलंगाची उंची गादीसकट 17, म्हणजे एक इंच कमी. बाथरूमच्या दारापासून कमोडपर्यंत 52. पार्किंगच्या तीन पायऱ्या साडेसहा, साडेसहा, सात. बिल्डरने शेवटच्या पायरीला उरलेलं सगळं घातलेलं. त्या खाली जाऊन धाकट्याने एकट्याने मोजल्या, आणि वर येऊन सांगितलं, "आतून आतून मोजल्यात." पायरीला आत-बाहेर नसतं, पण मी काही बोलले नाही.

चार वाजता अंग असं झालं की मान धरवेना. पंखा फुल, तरी घाम. माझ्या पलंगावर आडवी झाले, पण तो खाली-वर होत नाही, कठडा नाही, कुशीवर वळायला धरायला काही नाही. उशाला बेल नाही. आपलाच पलंग, आणि मी त्यावर उलट्या कासवासारखी. मी ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, "अहो, घरी जाऊ या का आता?"

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं. हे दारात थांबले. थोरली फोनमधून वर बघायला लागली.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी असंच म्हटलं होतं. घरी जाते आता. माझी आई चुलीपुढे बसून रडली होती." मग थोड्या वेळाने, "मी नाही हो रडत. डबा देते बरोबर."

पाच वाजता निघालो. गुढी सूर्यास्ताच्या आधी उतरवतात, ती सासूबाई आणि धाकटा उतरवणार होते. पायऱ्या उतरताना भाऊ हात मागे बांधून उभे होते.

वॉर्डात सव्वासहा झाले. सिस्टरनी घड्याळ दाखवलं, पण पाडवा म्हणून सोडून दिलं. बीपी, बोटांना पट्टी, पलंग वर. बटण दाबल्यावर पाठीमागून तो हळूहळू उचलायला लागला तेव्हा मी अगदी खरं सांगते, बरं वाटलं. मावशींना पुरणपोळी हवी होती, मी म्हटलं आमच्याकडे पाडव्याला श्रीखंड. गाठी त्यांनी नातवासाठी पदरात बांधून नेली.

सोमवारी ईदची सुट्टी. मी दिवसभर झोपून काढला. दुपारी एका सिस्टरनी डब्यातून शिरखुर्मा आणला, तेवढ्यापुरती उठले. ओटी मॅडम मंगळवारी आल्या. मी त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी वरून खाली वाचला, मग साडेतेवीसवर बोट ठेवलं.

"आधी 28 होतं ना?"

"बाहेरून."

"दार काढून पडदा लावला तर?"

"25. आणि खुर्ची 25. मार्जिनच नाही."

त्यांनी विचार केला. चाकांची अरुंद कमोड चेअर मिळते, ती बघू म्हणाल्या, 21 ची. चौकट फोडायची तर सुताराला विचारा. पण तोवर 52 इंच तुम्हाला चालायलाच लागणार, रोज, जाऊन येऊन, उंबरठ्यासकट.

घरून येताना टेपबरोबर ड्रॉवरमधला माझा निळा खडू पण मी उचलून आणला होता, त्रिकोणी, कापडावर आखायचा. तो फिजिओ मॅडमना दिला. त्यांनी पॅरलल बारच्या मधोमध 52 इंचांवर फरशीवर एक रेघ मारली आणि अलीकडे दीड इंच जाडीचं एक पुस्तक टॉवेलात गुंडाळून आडवं ठेवलं.

त्या दिवशी मी पुस्तक ओलांडलं, रेघेपर्यंत पोचले नाही. संध्याकाळी मावशींनी फरशी पुसताना रेघ पुसून टाकली. बुधवारी परत आखली.